झोपेचं मशीन काउंटरवर ठेवण्याआधी: आपल्याच केमिस्ट संघटनेला एक खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष, कार्यकारिणी सदस्य आणि सर्व दुकानदार बंधू-भगिनी,
आपली विभागीय केमिस्ट संघटना, मुंबई

सप्रेम नमस्कार.

मागच्या बैठकीत कानाला क्लिप लावून हलकी वीज सोडणाऱ्या त्या झोपेच्या मशीनचा डेमो झाला आणि दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर फर्मान आलं. प्रत्येक दुकानाने किमान पाच नग उचलायचे, स्टँडी दर्शनी भागात लावायची, दहावर दोन फ्री, आणि संघटनेने ठरवलंय म्हटल्यावर कुणी मागे राहायचं नाही. स्टँडीवरचा मजकूर आता सगळ्या विभागाने वाचला आहे. ‘निद्रानाश तीन रात्रींत गायब. गोळ्यांना कायमचा रामराम. साइड इफेक्ट शून्य.’ बैठकीत मी हात वर केला होता. ‘मॅडम, आपण गोळी तर विकत नाही ना?’ असं उत्तर आलं, लोक हसले, तेवढ्यात चहा आला आणि विषय गुंडाळला गेला. स्टँडी रस्त्यावर लागल्या आहेत, तेव्हा माझं म्हणणंही मी चारचौघांतच मांडते.

कन्नमवार नगरात माझं दुकान आहे. भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या लायसन्सवर आणि फार्मासिस्टच्या नोंदणीवर माझंच नाव आहे, त्यामुळे काउंटरवरून जे जातं त्याला मी जबाबदार. रात्री शटर ओढायच्या सुमारास येणारं गिऱ्हाईक तुम्हालाही ठाऊक आहे. आधी क्रोसिनची पट्टी मागतं, मग बाम, आणि इकडेतिकडे बघून हळूच, ‘झोपेचं काहीतरी द्या ना.’ शिफ्ट फिरती असलेले कामगार, रात्रभर टॅक्सी चालवणारे, पहाटेच्या पहिल्या लोकलने कामावर निघणाऱ्या बायका, नवरा गेल्यावर घरात एकट्या उरलेल्या आज्या. चिठ्ठीशिवाय मी देत नाही, म्हणून ‘फार शहाणी’ हे बिरुदही मिळालं आहे. ते असू दे.

दुसरं म्हणजे मला स्वतःला निद्रानाश आहे. साडेबाराला डोळा लागतो, तीनला टक्क जाग येते आणि मग दूधवाल्याच्या क्रेटचा आवाज येईपर्यंत छताकडे बघणं. त्यामुळे ती स्टँडी कुणाला उद्देशून लिहिली आहे हे मला नीट कळतं. पहाटे तीनला जागा असलेला माणूस कशावरही विश्वास ठेवायला तयार असतो.

या उपचाराच्या मी विरोधात आहे असं कुणी पसरवू नये. उलट मला त्यात रस आहे आणि मी त्यावर वाचलेलं आहे, डेमो देणाऱ्या मुलापेक्षा थोडं जास्तच. कान साफ करताना काडी जरा आत गेली की काही जणांना ठसका लागतो. खोकला घशाचा आणि काडी कानात, मग हे होतं कसं? तर मेंदूच्या बुडाशी उगम पावून घसा, हृदय, फुप्फुसं आणि पोटापर्यंत जाणारी जी व्हेगस नस आहे, तिची एक छोटी फांदी कानात येते. फ्रीडरिख आर्नोल्ड या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञाच्या नावाने ती ओळखली जाते. शरीरभर फिरणाऱ्या या नसेची कातडीपर्यंत येणारी फांदी ती कानातच, म्हणून बाहेरून तिच्यापर्यंत पोहोचायचं तर कान हा सोयीचा रस्ता. व्हेगस नसेला विजेचे हलके झटके देऊन उपचार करणं नवं नाही. छातीत कातडीखाली बसवायच्या यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, १९९७ साली फिट्ससाठी आणि २००५ साली औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी मान्यता दिली. शस्त्रक्रिया न करता, कानावरूनच हे साधता आलं तर किती बरं, असा पुढचा विचार होता. त्यातून निद्रानाशावर प्रयोग सुरू झाले.

डेमोत ‘जामामध्ये छापून आलंय’ असं तीनदा सांगितलं गेलं. छापून आलंय, खरं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जामा या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाच्याच गटातल्या जामा नेटवर्क ओपनमध्ये चीनमधल्या हांगचौच्या एका रुग्णालयातली चाचणी आली. जुनाट निद्रानाशाचे ७२ पेशंट, निम्म्यांना कानावरून खरा उपचार, निम्म्यांना दिसायला तसाच पण खोटा. दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, आठवड्यातले पाच दिवस, असं सलग आठ आठवडे. झोपेची प्रत मोजायची पिट्सबर्ग नावाची एक प्रश्नावली असते, शून्य ते २१ गुणांची. जितके गुण जास्त तितकी झोप वाईट. खरा उपचार घेतलेल्यांचे गुण सरासरी ८.२ ने उतरले आणि उपचार थांबल्यावरही, विसाव्या आठवड्यापर्यंत, फरक टिकून होता. हा निकाल चांगला आहे. मीसुद्धा वाचून सुखावले.

पण त्याच चाचणीतला दुसरा आकडा डेमोत का नव्हता? खोटा उपचार घेतलेल्यांचे गुणही ३.९ ने उतरले. म्हणजे कुणीतरी आपली विचारपूस करतंय, कानाला काहीतरी लावतंय, रोज ठरल्या वेळी शांत बसवतंय, एवढ्यानेही माणसाची झोप बऱ्यापैकी सुधारते. त्यामुळे उद्या तुमच्या दुकानात येऊन ‘फरक पडला हो’ म्हणणारा ग्राहक खोटं बोलणार नाही, पण त्याच्या सांगण्यावरून मशीन चालतं हेही सिद्ध होणार नाही. बरं, ७२ माणसं, एकच रुग्णालय. चाचणीतला हिशोब आठ आठवड्यांत ४० तासांचा आणि आपल्या स्टँडीवर तीन रात्री. ‘तीन’ हा आकडा कुणी, कुठून काढला?

सगळ्यात जास्त खटकलं ते क्लिप लावायची जागा. आर्नोल्डची फांदी कानभर पसरलेली नाही. कानाच्या भोकाच्या जरा वर, वाटीसारखा जो खोलगट भाग असतो, तिथे ती खात्रीने सापडते. कानाच्या पाळीची संवेदना मानेतून येणाऱ्या दुसऱ्या नसेकडे असते. म्हणूनच व्हेगसवरच्या कितीतरी चाचण्यांत ‘खोटा’ उपचार देताना इलेक्ट्रोड मुद्दाम पाळीला लावतात. आणि आपल्या डेमोत क्लिप कुठे लावली? बैठकीला जे होते त्यांनी आठवून बघावं. पाळीलाच लावली. अध्यक्षांच्या कानाला लावली, त्यांनी डोळे मिटले आणि ‘छान वाटतंय’ म्हणाले. संशोधक ज्या जागेला बनावट उपचारासाठी वापरतात, तीच जागा आपण अस्सल म्हणून विकायला निघालो आहोत.

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर कुणीतरी मला खोडून काढेल. पाळीला क्लिप लावून डोक्यातून अतिसूक्ष्म प्रवाह सोडण्याचं वेगळं तंत्र अस्तित्वात आहे. त्याला क्रेनियल इलेक्ट्रोथेरपी म्हणतात आणि चिंता व निद्रानाशासाठी ते अमेरिकेत वापरलंही जातं. २०१९ च्या शेवटी तिथल्या एफडीएने अशा उपकरणांना मधल्या जोखमीच्या वर्गात टाकलं आणि ती डॉक्टरच्या प्रिस्क्रिप्शननेच मिळतील असं ठरवलं. आपलं मशीन त्या जातीचं असेल तर खोक्यावर ‘व्हेगस’ कशाला लिहिलंय? आणि व्हेगसचं असेल तर क्लिप पाळीला का? डेमो देणाऱ्या मुलाला मी विचारलं, प्रवाह किती मिलिअँपिअर, फ्रिक्वेन्सी किती, पल्स केवढी? तो म्हणाला, ‘मॅडम, ऑटो मोड आहे.’

आता ‘साइड इफेक्ट शून्य’कडे वळते. आमच्या भागातले एक काका स्टँडी वाचून माझ्याकडे मशीन विचारायला आले. शर्टाची वरची दोन बटणं उघडी, डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली काडेपेटीएवढा उंचवटा. ‘काका, पेसमेकर आहे ना?’ ‘हो, दोन वर्षं झाली. त्याचा काय संबंध? हे तर कानाला लावायचंय.’ संबंध आहे. व्हेगस नस हृदयाचे ठोके मंदावते, ते तिचं कामच आहे. पेसमेकर किंवा दुसरं कुठलं यंत्र अंगात बसवलेल्यांना, ठोके मुळातच मंद किंवा अनियमित असलेल्यांना आणि गरोदर बायकांना अशा चाचण्यांतून सहसा वगळतात, आणि फिट्स येणाऱ्यांनी तर हे डॉक्टरला विचारल्याशिवाय करूच नये. मी नाही म्हटलं. काका चार दुकानं पुढे गेले आणि मशीन घेऊन आले. मला दाखवायला म्हणून मुद्दाम परत आले! विकताना त्यांना कुणी एक प्रश्न विचारला नव्हता. मी त्यांच्या मुलीला फोन केला, ती दुसऱ्या दिवशी बिल घेऊन त्या दुकानात गेली, तर ‘उघडलेला माल परत नाही’. दुकानाचं नाव मी लिहिणार नाही. तो सभासद हे पत्र वाचेल तेव्हा त्याला कळेल. पैसे परत करावेत, एवढंच.

ज्याला काहीच अपाय होणार नाही अशा माणसाचंही नुकसान आहेच. झोप न लागण्यामागे थायरॉइड असतो, नैराश्य असतं, रात्रीची दारू असते, बीपीच्या गोळ्यांची वेळ असते. जोरजोरात घोरणारा, मध्येच श्वास अडकून दचकून उठणारा आणि दिवसा स्टेअरिंगवर डुलक्या काढणारा टॅक्सीवाला हा स्लीप अ‍ॅप्नियाचा पेशंट असू शकतो. त्याच्या कानाला क्लिप लावून दिली की तो डॉक्टरकडे जायचा आणखी सहा महिने लांबला. नुसती झोप उडणं आणि निद्रानाशाचा आजार यांतही फरक आहे. आठवड्यातून किमान तीन रात्री, तीन महिने आणि त्याचा दिवसाच्या कामावर परिणाम, असं असेल तर डॉक्टर त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. परीक्षेच्या आठवड्यात झोप उडालेल्या बारावीच्या पोराला हे मशीन विकणं म्हणजे उघड लूट आहे.

आपण काय करतो बघा. झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या अल्प्राझोलम किंवा झोल्पिडेमची एक स्ट्रिप दिली तर कडक नियंत्रणातल्या औषधांच्या एच-वन रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या लिहायची, आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. २०१४ पासून हा नियम आहे आणि कुरकुरत का होईना आपण पाळतो. झोल्पिडेमचं तर अमेरिकेत २०१३ साली बायकांसाठी डोस निम्म्यावर आणला गेला आणि २०१९ मध्ये झोपेत चालणं, झोपेत गाडी चालवणं यांसाठी माहितीपत्रकावर सर्वांत कडक इशारा आला. म्हणजे ज्या औषधावर जगात इतकी वर्षं लक्ष ठेवलं गेलं, त्याची आपण नोंद ठेवतो. आणि डोक्याला वीज लावणारं यंत्र? त्याला फक्त बिल. तेही मागितलं तर.

‘लायसन्सचं टेन्शन नाही, वेलनेस प्रॉडक्ट आहे’ हे ग्रुपवरचं वाक्य तर कुणीतरी डिलीट करायला हवं होतं. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली. जोखमीप्रमाणे ए, बी, सी, डी असे चार वर्ग. ए आणि बी वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्य देतं, सी आणि डीचा केंद्र, आणि आयातीचा परवाना केंद्रच देतं. २०२२ च्या दुरुस्तीने विक्रेत्यांसाठी राज्याकडची एमडी-४२ नोंदणीही आली. वस्तू वैद्यकीय की नाही, हे ती कशासाठी विकली जाते यावर ठरतं. आजाराचा उपचार म्हणून विकली तर ती उपकरणच. या मंडळींनी खोक्यावर ‘रिलॅक्सेशन व वेलनेस’ छापलं आणि स्टँडीवर ‘निद्रानाश गायब’. खोकं कायद्यासाठी, स्टँडी गिऱ्हाइकासाठी. आणि स्टँडी कुणाच्या दारात उभी आहे? आपल्या. १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा शरीराच्या क्रियेवर परिणाम करणाऱ्या वस्तूंनाही लागू होतो आणि दिशाभूल करणारी जाहिरात करायला मनाई करतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अशी जाहिरात प्रसिद्ध करण्यात सामील असलेल्यालाही दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मी खोकं उलटसुलट करून पाहिलं. उत्पादन परवाना क्रमांक दिसला नाही, आयात परवाना क्रमांक दिसला नाही, वर्ग दिसला नाही. क्यूआर कोड होता. तो स्कॅन केला की कंपनीच्या ऑफर्स उघडतात.

मार्जिनचं दुःख मलाही आहे. शेड्यूल्ड, म्हणजे सरकारने किंमत बांधून दिलेल्या औषधावर सोळा टक्के, ऑनलाइनवाल्यांची सवलत, वर दुकानाचं भाडं. या मशीनवर चाळीस टक्के दिसले की जीव खाली-वर होतो, हे मी समजू शकते. पण लोक आपल्याकडे किराणा दुकानासारखे येत नाहीत. ‘केमिस्टने दिलंय’ हे वाक्य घरात गेल्यावर पुढे कुणी प्रश्न विचारत नाही. डिस्ट्रिब्युटरने चाळीस टक्के त्या वाक्यासाठीच देऊ केले आहेत.

‘मग झोप न येणाऱ्यांनी करायचं काय?’ असं बैठकीत विचारलं गेलं. चांगला प्रश्न होता, पण उत्तर ऐकायला कुणी थांबलं नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच सांगितलं की जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार गोळीचा नको, सीबीटी-आयचा हवा. म्हणजे झोपेविषयीच्या सवयी आणि भीती यांवर काम करणारं समुपदेशन, बहुधा सहा ते आठ बैठकांचं. त्यात एक नियम असा असतो: वीस मिनिटांत झोप लागली नाही तर अंथरुणातून उठा आणि दुसऱ्या खोलीत जाऊन बसा. आता कन्नमवार नगराच्या जुन्या इमारतीत, नाहीतर परळच्या चाळीत दुसरी खोली म्हणजे कुठली? मधल्या पॅसेजमध्ये मुलगा झोपलेला, स्वयंपाकाच्या ओट्याखाली सासूबाई. मी स्वतः जिन्यात जाऊन बसते, तर वॉचमन विचारतो, ‘ताई, सगळं ठीक आहे ना?’ मुंबईच्या घरांना बसेल असं हे समुपदेशन मराठीतून, आपल्या दवाखान्यांतून मिळायला हवं. ते सहज मिळत नाही म्हणून माणूस क्लिपकडे वळतो, आणि याबद्दल मला त्याचा राग येत नाही.

तेव्हा माझ्या मागण्या.

ग्रुपवरचं पाच नगांचं फर्मान मागे घ्या आणि सगळ्या स्टँडी या आठवड्यात काढायला सांगा. यात चर्चेला जागा नाही.

डिस्ट्रिब्युटरला संघटनेच्या लेटरहेडवर पत्र लिहा. उपकरण कुठल्या वर्गातलं, परवाना क्रमांक काय, कशासाठी वापरायचं म्हणून परवाना घेतला, इलेक्ट्रोड कानाच्या नेमक्या कुठल्या जागी, प्रवाह आणि फ्रिक्वेन्सी किती, कुणी वापरू नये, आणि याच मशीनवर (दुसऱ्याच्या नव्हे) चाचणी झाली असेल तर तिचा कागद. उत्तर जसंच्या तसं ग्रुपवर टाका. उत्तर येईपर्यंत एकही नग विकू नका. परवाना असेल आणि कागद नीट असतील तर मी स्वतः ते मशीन ठेवीन, डॉक्टरच्या चिठ्ठीवर.

ज्यांनी ते आधीच विकत घेतलं आहे त्यांना फोन करा. बिलांवर नंबर आहेत. पेसमेकर, हृदयाचे अनियमित ठोके, फिट्स, गर्भारपण यांतलं काही असेल तर आधी डॉक्टरला विचारल्याशिवाय वापरू नका असं सांगा, आणि परत करायला आले तर उघडलेला नगही पूर्ण पैसे देऊन घ्या. कुणाला चक्कर, डोकेदुखी, कानाची आग, छातीत धडधड असं काही झालं असेल तर त्याची नोंद करा. उपकरणांच्या दुष्परिणामांची दखल घेणारा मटेरिओव्हिजिलन्सचा कार्यक्रम २०१५ पासून देशात चालू आहे, तिथे कळवा.

पुढे असं कुठलंही वीज सोडणारं उपकरण विकायचं झालं तर एच-वनसारखंच रजिस्टर आपणहून ठेवायचं, असा ठराव करा. कायदा सांगेपर्यंत थांबायची गरज नाही. पहिली वही मी आणते.

बीकेसीतल्या अन्न व औषध प्रशासनाला संघटनेने लेखी विचारावं की ‘वेलनेस’च्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या अशा उपकरणांपैकी कुठली नोंदलेली आहेत, आणि ती यादी मराठीत जाहीर करावी अशी विनंती करावी. केईएम, सायन, नायर, कूपर या पालिका रुग्णालयांच्या मानसोपचार विभागांकडे संघटनेचं शिष्टमंडळ जाऊ दे. निद्रानाशाच्या पेशंटला कुठल्या वारी, कुठल्या ओपीडीत पाठवायचं, एवढं विचारून तो कागद प्रत्येक दुकानात स्टँडीच्या जागी लावू. कानावरच्या उपचाराची नीट चाचणी मुंबईच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात व्हावी अशी मागणीही तिथेच करता येईल. तोपर्यंत टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर तरी काउंटरवर चिकटवा. फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे पत्र पहिल्या क्रमांकाला घ्यावं. चहाच्या आधी.

आपली,
एक सभासद आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट
कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई